साडेचारशे वॅटचा डबा

आयटीत नोकरी लागली की नातेवाईकांच्या दृष्टीने तुम्ही एकदम दोन गोष्टी होता. एक म्हणजे लग्नाच्या बाजारातलं बरं स्थळ आणि दुसरं म्हणजे फुकटातला कॉम्प्युटर मेकॅनिक. पहिल्या विषयावर नंतर कधीतरी लिहीन (आई हे वाचते!). दुसऱ्याबद्दल एवढंच सांगतो, की मी दिवसभर कंपनीत जावाचा कोड लिहितो, कॅबिनेट उघडणं हा माझ्या कामाचा भाग नाही, हे आमच्या खानदानात कुणालाही पटत नाही. "तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना?" या प्रश्नावर आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

तर मंडळी, ही गोष्ट मे २०२३ मधली. माझा मावसभाऊ खामगावला लग्नांचे व्हिडिओ शूट करतो. आधी मित्राकडून भाड्याने कॅमेरा आणायचा, मग स्वतःचा घेतला, आणि मग गिऱ्हाईकं 'फोर के'मध्ये मागायला लागली. आता गावात फोर के टीव्ही किती जणांकडे असेल हा वेगळा मुद्दा, पण वरपक्षाला सांगायला बरं वाटतं. प्रॉब्लेम असा, की त्याचा पीसी २०१७ साली असेंबल केलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. तीन तासांची लग्नाची फिल्म एक्स्पोर्टला लावली की रात्रभर मशीन घरघरायचं आणि सकाळी उठून बघावं तर कुठेतरी ८७ टक्क्यांवर अडकलेलं.

म्हणून त्याने अकोल्याहून ग्राफिक्स कार्ड आणलं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, बारा जीबी मेमरीवालं, साडेअठ्ठावीस हजार रुपये. त्यातले पंधरा हजार एका लग्नाच्या ॲडव्हान्सचे आणि बाकीचे मावशीच्या भिशीचे. काकांना हा व्यवहार अजिबात मान्य नव्हता. त्या वर्षी भाव वाढेल म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता, काकांचाही पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवलेला. घरात कापूस अडकून पडलेला असताना पोरगा अठ्ठावीस हजारांचं 'खेळणं' आणतो म्हटल्यावर बापाचं काय होईल ते तुम्हीच समजा.

मंगळवारी कार्ड बसलं. रात्री फोन. "दादा, डिस्प्लेच येत नाई न!"

हे फोनवर निस्तरलं. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टमध्ये होती. कार्ड लावल्यावर केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावायची असते. नवीन कार्ड आणि काळी स्क्रीन हे ऐकलं की मी आधी हेच विचारतो, कारण यात खर्च शून्य आणि वेळ दहा सेकंद. विंडोज आलं, ड्रायव्हर टाकला, गडी खूश.

बुधवारी परत फोन. आता डिस्प्ले होता, सगळं झकास चालत होतं, पण एक्स्पोर्टला लावलं की पाच-सात मिनिटांत स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. "मी त काईच केलं नाई दादा. एकदम काळं पडते अन् मंग आपोआप चालू होते."

यावर गावात तोवर चार थिअऱ्या तयार झाल्या होत्या. मित्र म्हणाला व्हायरस. केबलवाला म्हणाला गर्मी (खामगावचा मे महिना, तेव्हा हे अगदीच चूक म्हणता येत नाही). काका म्हणाले, माल खोटा आहे. आणि दुकानदार फोनवर म्हणाला, कार्ड ओके आहे, तुमच्याकडची लाईट खराब आहे. तरी सात दिवसांच्या आत आणा, बदलून देतो, पैसे मात्र परत मिळणार नाहीत. म्हणजे मुदत सोमवारपर्यंत. आणि बुधवारी ज्या लग्नाची फिल्म द्यायची होती त्याचे तीस हजार यायचे बाकी होते. फिल्म नाही तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर पुढच्या महिन्याची भिशी कुठून भरायची, असं ते सगळं एकात एक गुंतलेलं.

तसंही मावशीकडे आमरसाचं आमंत्रण होतंच. शुक्रवारी रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली आणि शनिवारी सकाळी शेगावला उतरलो. तिथून खामगाव जवळच. पोचल्यावर मावशी म्हणाली, "आधी जेवून घे, ते मशीन कुठं पळून चाललं!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. पुण्यात माझ्यावर ही वेळ आली असती तर मी डोकं लावलंच नसतं. ऑफिसमधल्या कुणाचा तरी एसएमपीएस उसना आणायचा, तो लावून बघायचा. मग कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालून बघायचं. तासाभरात निकाल. शहरात ट्रबलशूटिंग म्हणजे अदलाबदल. खामगावात आमच्या ओळखीत त्या कार्डाला पुरेल असा एसएमपीएस कुणाकडेच नव्हता. फोटो स्टुडिओवाल्याकडे होता तो आमच्याहून जुना, आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात सगळी मशीनं हाताच्या पंजाएवढी. त्यामुळे जे समोर आहे त्याच्याकडूनच उत्तर काढून घ्यायचं होतं.

आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. प्रत्येक रीस्टार्टला एकच नोंद, 'कर्नल-पॉवर ४१'. हे वाचून लोक लगेच पॉवर सप्लायला दोषी ठरवतात. पण ही नोंद फक्त एवढंच सांगते, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. म्हणजे पोलिसांनी पंचनाम्यात 'इसम मयत आढळला' असं लिहावं तसं. कशाने मेला ते शोधणं आपल्याकडे. एक मात्र दिसलं, की ब्लू स्क्रीनची नोंद एकदाही नव्हती. ड्रायव्हर कोसळला तर तो बहुतेक वेळा काहीतरी बडबडून जातो. इथे बोलायलाही वेळ मिळत नव्हता.

तरी ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून काढला आणि परत टाकला. फरक नाही. व्हायरसवाल्या मित्राची थिअरी अशी निकालात निघाली (त्याचं समाधान झालं नाही ते सोडा).

मग गर्मी. कार्डाचं तापमान स्क्रीनवर लावून ठेवलं आणि एक्स्पोर्ट सुरू केला. ५८, ६३, ६८, ७१... आणि खट्ट, काळं. ७१ डिग्रीला हे कार्ड मरत नसतं. फार तापलं तर आधी स्वतःचा वेग कमी करतं. रात्री दोन वाजता खोली थंड असताना परत लावलं, तर ६६ लाच गेलं. म्हणजे गर्मी नाही.

मग लाईट. काढला यूपीएस, थेट भिंतीच्या सॉकेटवर लावलं. कूलर बंद, कारण कूलरची मोटर सुरू होताना ट्यूबलाईट मिचकावते हे मी बघितलं होतं. तरी तेच. पण व्होल्टेज खरंच किती येतं हे मोजायला मल्टिमीटर हवा, आणि तो शेजारच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे होता. रविवार असूनही गडी दुकानात, कारण मे महिन्यात जळलेल्या मोटारींना सुट्टी नसते. मीटर द्यायला तो तयार झाला, पण एका अटीवर, की तो सोबत येणार. "एवढ्या महागाचं डब्बं मले बी पाहू द्या."

सॉकेटवर २१४ व्होल्ट. कमी आहे, पण एसएमपीएसला यात काहीच अडचण नाही. दुपारी २३० च्या वर असतानाही मशीन बंद पडलंच होतं. दुकानदाराची थिअरीही गेली.

आता उरला तो एसएमपीएस. २०१७ मध्ये कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेला. त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापलेलं. कार्ड १७० वॅटचं, प्रोसेसर ६५ चा, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे धरून तीसेक. बेरीज २६५. साडेचारशेत आरामात बसायला पाहिजे, नाही का? दुकानदारानेही हाच हिशेब केला असणार.

टॉर्च लावून बाजूचं स्टिकर वाचलं. बारीक अक्षरांत तक्ता होता. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव.

म्हणजे बारा व्होल्टवर हा डबा १९२ वॅटच देऊ शकत होता. बाकीची ताकद ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर वाटलेली, आणि त्यांचाही आकडा मिळवला तरी ३८३ च होत होते. ४५० कुठून आले ते छापणाऱ्यालाच माहीत! गंमत अशी, की फार पूर्वीच्या पीसींमध्ये प्रोसेसरला वीज ५ व्होल्टवरून जायची, तेव्हा अशी वाटणी शहाणपणाची होती. पेंटियम ४ च्या काळात, २००० साली, प्रोसेसरसाठी वेगळा १२ व्होल्टचा प्लग आला आणि तेव्हापासून सगळा भार तिकडे सरकला. आजचं ग्राफिक्स कार्डही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, बाकी वरच्या आठ पिनच्या प्लगमधून. आमच्या एसएमपीएसला तो प्लगच नव्हता. दुकानदाराने हार्ड डिस्कच्या दोन जुन्या प्लगांना जोडून आठ पिन करणारी एक वायर दिली होती. एक्स्पोर्ट चालू असताना त्या प्लगला बोट लावलं, तर चटका बसला.

वाइंडिंगवाल्याने पिवळ्या आणि काळ्या वायरवर मीटर लावला. मशीन नुसतं बसलेलं असताना १२.०५. एक्स्पोर्ट सुरू झाल्यावर ११.६, मग ११.४, मग ११.२ आणि खट्ट. पीसीच्या पॉवर सप्लायला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, हे त डीपीवानी झालं. डीपी शंभरची म्हणतात अन् मोटारी बसवतात दीडशेच्या. तोवर चालते, जोवर सगळे एकदम चालू नाई करत."

मी गेले दोन दिवस हे काकांना समजावायला शब्द शोधत होतो आणि या माणसाने एका वाक्यात काम केलं. काका दारात उभे होते. शेतातल्या डीपीवर जास्तीच्या मोटारी पडल्या की काय होतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. रब्बीत त्यांची मोटार याच कारणाने जळली होती आणि याच माणसाने ती बांधून दिली होती. ते आत आले, स्टिकर स्वतः वाचलं (चष्मा आणायला लावला) आणि म्हणाले, "म्हंजे कार्ड बरं हाय?"

हा प्रश्न सोपा नव्हता. व्होल्टेज पडतंय हे दिसलं, पण कार्डच जास्त ओढत असेल तर? सोमवारी मुदत संपत होती. कार्ड ठेवलं आणि तेच खराब निघालं, तर मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या आणि कित्येक आठवडे. म्हणून अजून एक टेस्ट केली, आणि माझ्या मते ती सगळ्यात कामाची. आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कार्डाची पॉवर लिमिट कमी करता येते. ती ६० टक्क्यांवर आणली. म्हणजे १७० च्या जागी १०२ वॅट. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, फाइल तीच; बदललं ते फक्त विजेचं ओढणं. (एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे कोड डीबग करतानाही खरं आहे, पण तिथे माझा मॅनेजर तेवढा वेळ देत नाही. असो.)

एक्स्पोर्ट लावला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मीटर ११.७ वर. भाऊ खुर्चीत बसेना, मावशी रस घेऊन आली तरी कुणी वाटीला हात लावेना. पाऊण तासाने तीन तासांची अख्खी फिल्म बाहेर आली. रात्रभर लागायचा ते काम पाऊण तासात, आणि तेही कार्डाचे पाय बांधून! व्हिडिओ लिहून काढायचं काम कार्डातला वेगळा भाग करतो आणि त्याला फारशी वीज लागत नाही, त्यामुळे लिमिट लावूनही वेगात मोठा फरक पडला नव्हता.

कार्ड परत करायचं नाही, असं रविवारी रात्री ठरलं. भाऊ तरी दोनदा म्हणाला, "पक्कं ना दादा?" मी पक्कं म्हटलं.

नवीन एसएमपीएस ऑनलाइन मागवला. ५५० वॅटचा, आणि या वेळी आधी तक्ता वाचला. १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. साडेचार हजार रुपये. ते काकांनी दिले. काही न बोलता मोबाईल पुढे केला आणि पोराला म्हणाले, "कर पेमेंट." कापूस तेव्हा अजून पुढच्या खोलीतच होता.

बुधवारी फिल्म गेली, तीस हजार आले. शुक्रवारी नवा डबा आला, तो भावाने व्हिडिओ कॉलवर मला दाखवत एकट्याने बसवला. ती दोन प्लगांची वायर फेकून द्यायला सांगितली होती, ती त्याने आधी कात्रीने कापली. लिमिट काढून पूर्ण १७० वर लावलं. मीटरवर १२.०१.

आणि जुना एसएमपीएस वाइंडिंगवाल्याने मागून नेला. हिरवी वायर काळीला जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो, हे मीच त्याला सांगून आलो होतो. सध्या त्याच्या दुकानात त्यावर गाडीचा एक जुना टेप वाजतो. बारा व्होल्ट, दोन-तीन अँपिअर. मस्त वाजतो म्हणे.