नौलखात मुक्काम

व्हर्मांटमधल्या ब्रॅटलबरो गावाच्या जरा उत्तरेला, डमरस्टनच्या उतारावर, गडद हिरव्या रंगाचं एक लांबलचक लाकडी घर आहे. नाव ‘नौलखा’. रडयार्ड किपलिंगने ते बांधून घेतलं आणि 1893 साली तो तिथे राहायला आला. ‘जंगल बुक’च्या बऱ्याच गोष्टी इथल्याच अभ्यासिकेत लिहिल्या गेल्या. घर कित्येक दशकं रिकामं पडलं होतं. 1992 साली ब्रिटनच्या लँडमार्क ट्रस्टने ते विकत घेऊन दुरुस्त केलं. आता ट्रस्टची अमेरिकेतली संस्था ते सुट्टीसाठी भाड्याने देते आणि त्या भाड्यातून डागडुजी होत राहते. आठ माणसं सहज राहतात. स्वयंपाक आपला आपण करायचा.

आम्ही ते घेतलं मामांसाठी. मामा मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. जन्मभर मुंबईतल्या एका शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली. रडयार्डचे वडील लॉकवुड किपलिंग 1865 साली जे.जे.मध्ये शिल्पकला शिकवायला आले आणि त्याच वर्षी 30 डिसेंबरला तिथल्या आवारातल्या बंगल्यात रडयार्डचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची कोरीव शिल्पं लॉकवुडची. मामा दरवर्षी नववीच्या मुलांना फुटपाथवर उभं करून ती शिल्पं दाखवायचे आणि रेखाटायला लावायचे. ते थँक्सगिव्हिंगच्या सुमारास आमच्याकडे बॉस्टनला येणार म्हटल्यावर मी सगळ्यांत आधी नौलखाच्या तारखा पाहिल्या.

पोचलो तेव्हा अंधार झाला होता. गाडीतून उतरल्यावर समोर आली ती घराची पाठ. एवढ्या नावाजलेल्या घराचं दार इतकं साधं कसं, असं वाटलं. उत्तर सकाळी मिळालं. घर सुमारे 90 फूट लांब आणि रुंदीला जेमतेम एका खोलीएवढं. रस्त्याच्या बाजूने नुसता बोळ जातो आणि महत्त्वाच्या सगळ्या खोल्या पूर्वेला उघडतात. खाली कनेटिकट नदीचं खोरं, पलीकडे न्यू हॅम्पशायरचे डोंगर आणि त्यांच्या मागे मोनॅडनॉक. किपलिंग या घराला जहाज म्हणायचा. ब्रॅटलबरोत आल्या आल्या त्याने हा डोंगर पाहिला होता आणि तेव्हापासून त्याला जागा हवी होती ती इथेच. मोनॅडनॉकच्या बाजूने सूर्य वर आला की बैठकीची खोली, जेवणघर, वरच्या निजायच्या खोल्या एकदमच उजळतात. तिकीट काढून दहा मिनिटं फिरणाऱ्याला हे कळणार नाही. त्यासाठी त्या घरात झोपून उठायला हवं.

अभ्यासिका दक्षिणेच्या टोकाला आहे. तिथे जायचं तर आधी एक लहानशी खोली ओलांडावी लागते. ती कॅरीची, त्याच्या बायकोची. तिथे बसून ती आल्यागेल्याला अडवायची, पत्रव्यवहार पाहायची, हिशेब ठेवायची. चहाचा कप घेऊन मी त्या दारातून जा-ये करत होते आणि दर वेळी तिचा विचार मनात येत होता. कॅरीबद्दल फारसं चांगलं कोणी लिहीत नाही. करडी, हुकमी, असंच. पण त्या टेबलावर तीन वर्षांत जे लिहून झालं त्यात या खोलीचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत झालं.

अभ्यासिकेतल्या शेकोटीच्या वर बायबलमधलं एक वचन आहे. रात्र येते आहे आणि तेव्हा कुणालाच काम करता येणार नाही, अशा अर्थाचं. ते लॉकवुडचं काम. लाहोरच्या कलाशाळेतून निवृत्त होऊन 1893 साली तो मुलाकडे आला होता. मामा त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभे होते. दोन अक्षरांमधली जागा, वळणं, ओळ कुठे तोडली आहे, सगळं बोटाने हवेत गिरवत होते. मग म्हणाले, “हा माणूस शिकवायला बसला असता तर मी पहिल्या बाकावर बसलो असतो.”

“मग मामा, टेबलाशी बसा ना. फोटो काढते,” मी म्हटलं.

“नको. तू बस.”

संध्याकाळी जेवणघरात पिठलं-भात खाताना त्यांनी नकाराचं कारण सांगितलं. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी निधी जमवला गेला तेव्हा रडयार्डने त्यात 10 पौंड दिले होते. “बापाचं शिकवणं मला मान्य आहे. पोराचं लिखाणही मान्य आहे. मोगली मी वर्गात वाचून दाखवलाय. त्या दहा पौंडांचं काय करू?”

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, लेखन वेगळं आणि माणूस वेगळा. मला ते पटत नाही. मुंबईतल्या लहान रडयार्डला सांभाळणारी आया ख्रिस्ती होती, आणि मिता नावाचा हिंदू नोकर होता. दोघं त्याला गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची. आईवडिलांसमोर इंग्रजीत बोल, असं त्याला बजावून सांगावं लागे, इतका तो नोकरांच्या बोलीत रमलेला. सहावं वर्ष पुरं व्हायच्या आत त्याला इंग्लंडला परक्या घरी ठेवलं. ‘जंगल बुक’ जिथे घडतं त्या सिवनीच्या डोंगरांत तो कधी फिरला नव्हता. तिथला तपशील त्याने स्टर्नडेल नावाच्या लेखकाच्या पुस्तकातून आणि इतरांच्या तोंडून घेतला. पण जनावरं माणसांसारखी बोलतात, त्यांचा कायदा असतो, मानमरातब असतो, हे ऐकायची सवय कानाला लहानपणीच लागली असणार. खिडकीबाहेर बर्फ, आणि आत हा माणूस शेरखान आणि बाळूचे संवाद लिहितो आहे. ज्यांच्या गोष्टींवर तो वाढला त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याला त्याने पैसे द्यावेत, हे म्हणूनच जास्त लागतं. लेखन वेगळं काढलं तर हे लागणंच संपेल.

माझ्या मुलीला यातलं काही नको होतं. ती माळ्यावरच्या बिलियर्डच्या टेबलावरून हलत नव्हती, आणि किपलिंगच्या खोल टबात अंघोळ केल्याचं तिने मैत्रिणींना फोन करून सांगितलं. 1894 च्या थँक्सगिव्हिंगला आर्थर कॉनन डॉइल इथे पाहुणा होता आणि त्याने शेतात किपलिंगला गोल्फ शिकवला, हे कळल्यावर मात्र ती मामाआजोबांना घेऊन उतारावर गेली. शेरलॉकवाला कुठे उभा राहिला असेल यावर दोघांचं एकमत झालं नाही.

1896 मध्ये मेव्हण्याशी भांडण झालं, प्रकरण कोर्टात गेलं, वार्ताहरांनी गाव भरलं आणि उन्हाळा संपता संपता किपलिंग कुटुंब इंग्लंडला निघून गेलं. 1899 साली ते पुन्हा अमेरिकेला आले तेव्हा थोरली मुलगी जोसेफिन न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेली. त्यानंतर किपलिंग अमेरिकेला आलाच नाही. सामान बरंचसं इथेच राहिलं, म्हणून आज त्याच्या खुर्च्यांवर बसता येतं.

निघायच्या दिवशी पाहुण्यांच्या वहीत मामांनी मराठीत पानभर मजकूर लिहिला. क्रॉफर्ड मार्केटची शिल्पं, लॉकवुडची अक्षरं, सकाळच्या उन्हाची दिशा. त्याच ओघात, वेगळा परिच्छेद न करता, अमृतसर आणि ते 10 पौंड. खाली सही आणि ‘माजी विद्यार्थी, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मुंबई’. पुढच्या पाहुण्यांना वाचता यावं म्हणून मी त्याखाली इंग्रजीत भाषांतर लिहिलं. सगळं लिहिलं.