काळी नखे

माझे खरे शिक्षण कोठे झाले, असे कोणी विचारले तर आता मी महाविद्यालयाचे नाव सांगणार नाही. घरामागचे अंगण दाखवीन. तेथे दादाची जुनी मालमोटार उभी असते. त्याचे हात हल्ली कापतात, म्हणून गेल्या रविवारी एंजिन धुण्याचे काम मी अंगावर घेतले.

"आधी निवू दे!" दादा ओरडला. तापल्या लोखंडावर गार पाणी पडले की तडा जातो, हे मी जाणत होतो. पण बादली माझ्याच हातात होती! मग डायनामोवर मेणकापड बांधले, हवेचे तोंड झाकले आणि रॉकेल व कुंचला घेऊन मळ सोडवला. सारे पुसून झाकणे काढली, डिझेलचा फिल्टर बदलला. पण एंजिन चालू होईना. डिझेल एंजिनात ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, रुडॉल्फ डिझेलने 1897 साली ऑग्सबर्ग येथे हे सिद्ध केले, असे व्याख्यान मी झोडले.

"मास्तर, नळीत हवा अडकलीय," दादा हसून म्हणाला. त्याने स्क्रू सैल करायला लावला. बुडबुडे थांबेपर्यंत मी हातपंप मारला, स्क्रू आवळला, आणि एंजिन धडधडू लागले.

याच एंजिनाच्या कमाईवर मी पदवीधर झालो. वसतिगृहात दादा भेटावयास आला, तेव्हा त्याचे तेलकट हात पाहून 'गावचे कोणी' अशी मी मित्रांना ओळख करून दिली होती. त्याने ते ऐकले होते.

सोमवारी वर्गात एका विद्यार्थ्याने माझी काळी नखे पाहिली. "भावाची मालमोटार धुतली," मी म्हणालो. एवढे म्हणावयास मला तीस वर्षे लागली.