आधी पाणी, मग आग

"या सातांत सगळ्यात ताकदवान कोण?" मी विचारलं.

भाचीने लॅपटॉपवरची नजर न हलवता उलट विचारलं, "कोणावर?"

2022 चा जुलै. वडोदऱ्यात पाऊस लागून राहिला होता. माझ्या बहिणीची मुलगी पुण्याचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून जूनमध्ये माझ्याकडे आली होती. "थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे" असं ताई म्हणाली होती, पण थोडे म्हणजे किती हे कुणीच बोललं नव्हतं. मी पुढच्या खोलीत गुजराती कादंबरीचं मराठी करत बसायची आणि ती आतल्या खोलीत 'गेन्शिन इम्पॅक्ट' खेळत बसायची. बोलणं असं होतच नव्हतं. जेवायला ये, आले, भात वाढू का, नको. शेवटी मीच एक दिवस माझा चहा घेऊन तिच्या मागे जाऊन बसले आणि काहीतरी विचारायचं म्हणून तो प्रश्न विचारला.

माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. पाण्याने आग विझते, म्हणजे पाणी मोठं. लहान मुलांच्या पोकेमॉनमध्ये 1996 पासून हाच हिशोब आहे: पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. दगड-कागद-कात्रीच ती. कोण कोणाला हरवतो याचा एक तक्ता पाठ केला की झालं. हा खेळही तसाच असेल अशी माझी समजूत होती.

तसा तो नाही. 'गेन्शिन'मध्ये सात तत्त्वं आहेत: आग, पाणी, वारा, वीज, बर्फ, खडक आणि वनस्पती. एक तत्त्व दुसऱ्याला हरवत नाही. एक अंगाला लागलेलं असताना दुसरं येऊन आदळलं की दोघांची मिळून काहीतरी अभिक्रिया होते आणि खरा मार तिचा असतो. शत्रू ओला असेल आणि त्याच्यावर वीज पडली तर झटके बसत राहतात. ओला असताना बर्फ आला तर तो जागच्या जागी गोठतो. खेळात पाऊस पडत असेल तर सगळेच आपोआप ओले असतात. "म्हणजे आत्ता इथे आपण दोघी जणी," भाची खिडकीकडे बघून म्हणाली. आल्यापासून तिने आपणहून बोललेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

यात मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते क्रमाने. आग आणि पाणी एकत्र आले की वाफ होते, हे कुठल्याही क्रमाने खरं. पण शत्रू आधी पेटलेला असेल आणि मग पाणी आलं तर त्या फटक्याचा मार दुप्पट होतो. आधी ओला असेल आणि मग आग आली तर फक्त दीडपट. बर्फ आणि आग यांचंही असंच: बर्फावर आग दुप्पट, आगीवर बर्फ दीडपट. त्याच दोन वस्तू, तीच वाफ, पण आधी कोण आणि नंतर कोण यावर हिशोब बदलतो.

हे मला कुणी शिकवायला नको होतं. गुजरातीत 'फावशे' म्हणजे 'चालेल, जमेल'. पाहुण्याला विचारा, जमिनीवर बसायला फावशे का? तो हसून होकार देतो. अगदी निरुपद्रवी शब्द. तोच मराठीत 'फावलं' म्हणून आला की त्याला धूर येतो. 'आयतंच फावलं त्याचं' असं आपण कुणाबद्दल चांगल्या मनाने म्हणत नाही. उलट दिशेने, मराठीतलं हे 'फावलं' गुजरातीत नेलं तर त्यातली कडू चव निघून जाते आणि नुसती सोय उरते. दोन्ही भाषांत शब्द एकच, पण इकडून तिकडे आणि तिकडून इकडे यांचा गुणाकार वेगळा. बावीस वर्षांपूर्वी तौलनिक साहित्याच्या वर्गात हे आम्हाला मोठमोठ्या नावांनी शिकवलं होतं. भाचीने दोन आकड्यांत सांगितलं.

पुढे तिने अजून एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली. दुप्पट मार देणारा फटका शत्रूच्या अंगावर आधी लागलेलं बरंचसं पुसून टाकतो. दीडपटीचा फटका कमी पुसतो. म्हणून आधी पाणी लावून ठेवलं तर त्या एका ओलीवर आगीचे दोन-तीन फटके निघतात. "त्यामुळे दीडपट म्हणजे कमी, असं नाही," ती म्हणाली. "किती वेळा मारायचंय त्यावर आहे."

मग आम्हाला नादच लागला. या खेळाचा मजकूर चिनीपासून थाई, व्हिएतनामी, इंडोनेशियनपर्यंत बऱ्याच भाषांत आहे. भारतीय भाषा त्यात एकही नाही. चिनी मुळात ही नावं साधी आहेत: आग, पाणी, वारा, गवत. इंग्रजीत मात्र ती सगळी ग्रीक झाली, पायरो, हायड्रो, अ‍ॅनिमो, डेंड्रो. त्यात चिनी गवताचं ग्रीक झाड झालं, कारण 'डेंड्रॉन' म्हणजे झाड. आम्ही मराठीत काय करणार? मी वाफेच्या अभिक्रियेला 'बाष्पीभवन' म्हटलं तर ती म्हणाली, "मावशी, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं वाटतं, खाली प्रश्न येतील." शेवटी आम्ही तिला 'चर्र' म्हणायला लागलो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर होतं ते. आग आणि विजेचा 'भडका' झाला, वारा मिसळला की 'वावटळ'. गोठण्यासाठी शब्द शोधताना मी तिला विषामृत समजावून सांगितलं: ज्याला 'विष' दिलं तो जागीच थिजणार, कुणी येऊन 'अमृत' म्हणत हात लावेपर्यंत. तिने हा खेळ कधी खेळलेला नव्हता. त्या दिवसापासून शत्रू गोठला की ती पुटपुटायची, "विष!"

वनस्पतीला आम्ही 'पाला' म्हटलं. पण जुलैत पाला कुणाच्याच हाती नव्हता. सप्टेंबर 2020 मध्ये खेळ आला तेव्हापासून सात तत्त्वांची नावं होती, जगात हिरवे गोळे उड्या मारत होते, पण ते तत्त्व वापरणारं एकही पात्र खेळणाऱ्याला मिळालेलं नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं सातवी जागा रिकामी.

खडकाबद्दल थोडक्यात: तो बाकीच्यांशी फारसा मिसळत नाही, ढाल देतो. खडकाचा देव झोंगली डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा चीनमधल्या खेळणाऱ्यांनी तो दुबळा आहे म्हणून इतकी ओरड केली की फेब्रुवारीत त्याला सुधारून द्यावं लागलं. देवालाही पुरवणी परीक्षा.

भाचीची आवडती होती वीज. विजेचं नाव तेव्हा खेळणाऱ्यांत फार चांगलं नव्हतं. आग-पाणी मार दुपटीने वाढवतात, विजेच्या अभिक्रियांत तो गुणाकारच नव्हता. बर्फाबरोबर ती शत्रूची शारीरिक माराविरुद्धची ताकद 40 टक्क्यांनी उतरवते, पण तसा मार मारणारी पात्रं थोडी. आगीबरोबर भडका होतो खरा, पण शत्रू उडून लांब पडतो, मग त्याच्या मागे पळत बसा. "सगळे म्हणतात वीज घेऊ नको," ती म्हणाली. "मला फिशल आवडते म्हणून घेते."

फिशल ही स्वतःला राजकन्या म्हणवणारी धनुर्धारी मुलगी. ती इतकं अलंकारिक बोलते की समोरच्याला काही कळत नाही. तिच्याबरोबर ओझ नावाचा एक डोमकावळा असतो. राजकन्येचं बोलून झालं की तो साध्या भाषेत सांगतो, बाईसाहेबांना असं म्हणायचंय. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चहा सांडला. माझ्या पेशाचा इतका नेमका कावळा मी कुठे पाहिला नव्हता.

आणि त्या दिवसांत मी तेच काम घरातही करत होते. ताईचा रोज रात्री नऊला मला फोन. मुलगी तिचा फोन उचलत नव्हती. ताई मला सांगायची, मी आत जाऊन सांगायची, उत्तर घेऊन परत यायची. जुलैच्या शेवटी एका रात्री ताई खूप चिडली होती. म्हणाली, "तिला सांग, तुला हवं ते कर. मी आता एक शब्द बोलणार नाही." आपल्याकडे 'हवं ते कर' याचा अर्थ काय होतो हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही माहीत आहे. मी फोन ठेवला, आत गेले आणि म्हटलं, "आई म्हणाली, तुला हवं ते कर."

शब्द एकही बदलला नव्हता. आवाज तेवढा बदलला होता. मी तो मुद्दाम मऊ केला, हे मला तेव्हाही कळत होतं.

चार दिवसांनी भाचीने कॉलेजला पत्र पाठवून प्रवेश रद्द करून घेतला. तोपर्यंत परतायचं दार उघडं होतं. ताईला कळलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी परवानगी दिली नव्हती." मी तिला काहीच सांगितलं नाही. भाचीलाही नाही. अनुवाद चुकला तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो, एवढ्यावरच मी वीस वर्षं झोपत आले आहे.

24 ऑगस्टला खेळाची नवी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर पाला. नवा प्रदेश उघडला, त्याचं नाव सुमेरू. मी काम सोडून आत जाऊन बसले, कारण नकाशावर 'आपम' वन होतं, 'देवांतक' पर्वत होता, 'वनराना' नावाचं गाव होतं. तिथल्या विद्यापीठात सहा 'दर्शनं' आहेत, आणि त्यांची नावं आवेस्तातल्या सहा अमेशा स्पेंतांची: वहुमन, क्षहरेवर, अमुर्त, हरवतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पारशी शेजाऱ्यांच्या कॅलेंडरात हीच नावं महिन्यांची म्हणून असतात: बहमन, शेहरेवर, अमरदाद, खोरदाद. शांघायच्या एका कंपनीच्या खेळात ती माझ्या भाचीच्या तोंडून मराठी उच्चारात बाहेर पडत होती.

"हरवतात म्हणजे भाषावाल्यांचं," ती म्हणाली. "तू तिथे. मी क्षहरेवरमधून पळालेली. ते इंजिनिअरांचं."

मी तिला सांगितलं की आवेस्तातली हऊर्वतात पाण्याची रक्षक आहे, आणि संस्कृतात तिचं भावंड 'सर्वताति', म्हणजे सगळं असणं, काही न तुटलेलं. ती हं म्हणाली आणि खेळत राहिली.

पण त्या आठवड्यात घडलं ते विजेचं. पाणी आणि पाला एकत्र आले की जमिनीवर एक हिरवा गोळा पडतो. काही सेकंदांत तो आपला आपण फुटतो, जवळ असलो तर आपल्यालाही लागतो. फुटण्याआधी त्याला वीज लागली, तर मात्र तो उडून नेमका शत्रूवर जाऊन आदळतो. नुसत्या पाल्यावर वीज पडली तर दोघं मिळून चेततात, आणि त्यानंतरचा विजेचा प्रत्येक फटका वाढतो. दोन वर्षं जिला लोक घेऊ नको म्हणत होते, ती आता सगळ्यांना हवी झाली. भाची दोन रात्री झोपली नाही. मी विचारलं, विजेत काय बदल केला त्यांनी? ती म्हणाली, "काहीच नाही. ती होती तशीच आहे. हा नवा आला."

31 ऑगस्टला गणपती. ताई आदल्या दिवशीच आली, बोलावलेलं नसताना. दोन दिवस मायलेकी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलल्या, एकाच खोलीत बसून. तिला विचार, चहा घेणार का. तिला सांग, घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आणि मी आतल्या खोलीत बसून नारळ खवत होतो आणि भाची कोपऱ्यात खेळत होती. आवाज चालू होता. फिशल काहीतरी बोलली, कावळा काहीतरी बोलला.

"हा कावळा काय म्हणतोय?" ताईने मला विचारलं.

उत्तर भाचीने दिलं. "ती काय म्हणाली ते सोपं करून सांगतोय."

"सगळं सांगतो?"

"नाही. त्याला वाटतं तेवढं."

मी खवणी बाजूला ठेवली. म्हटलं, ताई, तू जुलैमध्ये चिडून जे म्हणाली होतीस ना, हवं ते कर, ते मी हिला चिडून सांगितलं नव्हतं. चांगल्या आवाजात सांगितलं. तिला ती परवानगी वाटली. चूक माझी आहे.

ताई माझ्याकडे बघत राहिली. भाची वळलीसुद्धा नाही.

"मावशी," ती म्हणाली, "आईचा आवाज तुझ्या फोनमधून भिंतीपलीकडे येत होता. मला दोन्ही ऐकू आलं होतं."

कुणी काही बोललं नाही. ताईने अर्धी वाटी उचलली आणि माझ्या खवणीवर ती खवायला लागली. जरा वेळाने तिने मान वर केली, पडद्याकडे पाहिलं आणि थेट मुलीलाच विचारलं, "तो हिरवा गोळा कसला पडलाय?"

"थांब," भाची म्हणाली. "अजून वीज यायचीय."