गंध, बुक्का आणि एक्स्पोजर

कॅमेरा शिकायला आलेल्या पोरांना मी आधी बटणं दाखवत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात नेतो आणि एखाद्या वारकऱ्याचं कपाळ नीट बघायला लावतो. अर्थात "माउली, एक फोटो काढू का?" असं विचारून. गोपीचंदनाचा फिकट टिळा, त्यावर बुक्क्याचा काळा ठिपका, भोवती उन्हानं रापलेली कातडी आणि वर पांढरी टोपी. एक्स्पोजर शिकायचं असेल तर एवढं कपाळ पुरतं.

कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरीनं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. पुस्तकांत त्यालाच १८ टक्के करडा म्हणतात. आषाढीला समोर धोतरं, सदरे, टोप्या आणि वर ढगाळलेलं आभाळ. एवढं पांढरं पाहून मीटर उजेड कमी करून टाकतं आणि परीटघडीचं धोतरही मळकट उतरतं. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करून बघायचं. घाटाच्या काळ्या दगडांनी चौकट भरली, की उलट दिशेला सरकायचं. टोपी आणि चेहरा दोन्ही साधत नसतील तर मी चेहऱ्याच्या बाजूनं. टोपीची वीण गेली तर गेली, पण गोपीचंदनाची कड आणि बुक्क्याचे कण दिसलेच पाहिजेत.

गाव नदीच्या पश्चिम काठावर आहे. त्यामुळे सकाळी घाटावरून नदीकडे कॅमेरा धरला की सूर्य थेट डोळ्यांत. होड्या आणि माणसं काळ्या आकृत्या होतात. ते हवं असेल तर ठीक, चेहरे हवे असतील तर वाळवंटात उतरून घाटाकडे तोंड करायचं. संध्याकाळी सगळं उलटं. देवळात कॅमेरा नेता येत नाही, ते एका परीनं बरंच आहे. शिकणाऱ्याचं लक्ष माणसांवर राहतं.

नव्या पोरांना मागचं सगळं धूसर हवं असतं. कॅमेरा घेतल्याचं सार्थक त्यातच वाटतं. वाळवंटात फोटो काढून घेणाऱ्या आजीला मात्र ते मुळीच पटत नाही. "पायापासनं घे बाबा, अन् मागं पुंडलिकाचं देऊळ आलं पायजे." तिचं बरोबर आहे. देऊळ धूसर केलं तर ती पंढरीला आली होती हे गावाकडं कळणार कसं? कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची लेन्स १८वर ठेवायची, अ‍ॅपर्चर एफ/८ करायचं, आजीला अडीच-तीन मीटरवर उभं करून तिच्यावर फोकस धरायचा. आजीही स्पष्ट, कळसही स्पष्ट. डेप्थ ऑफ फील्ड पोरांना इथं कळते, कारण फोटो बघणारं गिऱ्हाईक समोरच उभं असतं.

शटरचा धडा वाखरीला, बाजीराव विहिरीपाशी. रिंगणात माउलींचा अश्व सुटला की विचार करायला वेळ नसतो, म्हणून आधीच १/१०००वर यायचं, फोकस सलग पाठलाग करणारा ठेवायचा आणि आभाळ भरलेलं असेल तर आयएसओ बिनधास्त ८००, १६०० करायचा. फोटोत दाणे दिसतात म्हणून पोरं कुरकुरतात. दिसू देत. हललेला घोडा कुणी फ्रेम करून भिंतीवर लावत नाही.