शेवटच्या नळापर्यंत



काकड्याच्या वेळी तुम्ही नळ सोडता, हंडा भरता आणि पूजेला लागता. त्या पाण्यामागे रात्री कोणाचा तरी हात फिरलेला असतो. मुंबईत त्याला चावीवाला म्हणतात. घाटकोपर भागात हेच काम करून मी निवृत्त झालो. गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावर लांब लोखंडी चावी, यात माझे आयुष्य गेले. त्यातून जे उमगले ते तुमच्यापुढे ठेवतो.

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव उपनगराच्याच डोंगरात आहेत. पण १८९२ साली तानसाचे पाणी आले आणि तेव्हापासून मुंबईची तहान दूरच्या पाण्यावर भागू लागली. आज ठाणे, पालघर, नाशिककडच्या धरणांतून रोज ३,५०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी येते. तरी ते एकाच वेळी सगळ्यांना सोडता येत नाही. म्हणून शहराचे भाग पाडले आहेत. एका भागाची झडप उघडायची, वेळ झाली की ती बंद करून पुढच्या भागाची उघडायची.

गावाकडे याला आपण दारे धरणे म्हणतो. एक वाफा भिजला की फावडेभर माती टाकून पाणी पुढे वळवायचे. अरणच्या सावता महाराजांना पांडुरंग मळ्यातच भेटला. मळा भिजवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, पहिल्या वाफ्याचा लोभ धरला की शेवटचा वाळतो.

घाटकोपरच्या डोंगरावर दाट वस्त्या आहेत. पाणी आधी सखल भाग भरते, मग चढू लागते. वर पोचेपर्यंत नळातून नुसती हवा सुसते. खाली झडप १५ मिनिटे जास्त उघडी राहिली, तर ती १५ मिनिटे वरच्या बाईच्या हंड्यातून जातात. म्हणून सांगतो, या कामात उघडणे सोपे, बंद करणे अवघड.

एकदा खालच्या आळीत सप्ताह होता. मंडळी म्हणाली, "बुवा, तुम्ही माळकरी. उद्या महाप्रसाद आहे, अर्धा तास झडप राहू द्या." धर्मकार्यालाच नाही कसे म्हणावे? पण वरचे लोकही त्याच विठोबाचे. "आहे त्या वेळात पिंपे भरून घ्या, मी हात लावतो," असे सांगून मी पिंपे भरू लागलो आणि ठरल्या वेळी चावी फिरवली. मंडळी रागावली. पुढे कित्येक दिवस त्या मंडपात मला कोणी माउली म्हटले नाही. त्या पहाटे वर कोणाचा हंडा भरला, तेही मी पाहिले नाही. चावीवाल्याला ते कधीच दिसत नाही.

झडपेचाही नेम असतो. रोज फिरणारी झडप हलकी राहते. वर्षभर न फिरवलेली गंजून बसते आणि फुटक्या नळाच्या दिवशी हलत नाही. पॅकिंग झिजले की बदलायचे, पावसात तुंबलेला खड्डा उपसायचा, रस्त्याच्या नव्या डांबराखाली गेलेले झाकण शोधून काढायचे. चावी सावकाश फिरवायची, कारण पाणी एकदम अडवले तर त्याचा दणका बसून सांधा निखळतो. रात्री गाड्या थांबल्या की नळावर लोखंडी गज टेकवून त्याला कान लावायचा; गळती कुजबुजते. ती ऐकावीच लागते, कारण नळ रिकामा झाला की त्याच भोकातून गटाराचे पाणी आत ओढले जाते आणि सकाळी लेकराच्या पेल्यात उतरते.

माउली, ज्या शहापूर तालुक्यातून आपल्याला पाणी येते, तिथल्या काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. हे आठवले की गळका नळ बघवत नाही.

तुमच्या इमारतीच्या टाकीखालची झडप महिन्यातून एकदा फिरवून बघा. आणि आषाढीच्या वाटेवर टँकरपाशी आपली बाटली भरली की तोटी मागच्याच्या हाती द्या. रांगेच्या टोकाला कोण उभे आहे, ते आपल्याला कुठे दिसते?