ओळख पटल्यावर उघडणारं दार

मांजराला ओळखून मगच उघडणाऱ्या दाराला माझा कित्येक वर्षं विरोध होता. माझी भाची इंग्लंडात रेडिंगला राहते. तिच्या घरच्या स्वयंपाकघराच्या दाराला असं यंत्र आहे. "मावशी, तुलाही पाठवते," असं ती दर खेपेला म्हणायची आणि दर खेपेला मी नको म्हणायचे. आज माझ्या कर्जतच्या घराच्या मागच्या दाराला तेच यंत्र बसलेलं आहे, आणि ते हवं असं मी इतरांनाही सांगते. हे मत कसं फिरलं ते लिहायला हवं, कारण विरोधातली माझी कारणं उथळ नव्हती. त्यातली काही तर अजूनही माझ्याजवळ तशीच आहेत.

पहिलं कारण या मुलखाचं. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि कर्जत-खालापूरच्या जमिनींना पाय फुटले. भाताची खाचरं मोजली गेली, प्लॉट पडले, फार्महाऊसं उभी राहिली. त्याआधी नदीवर गुरं न्यायला, वाडीतून बाजाराला यायला पायवाटा होत्या. त्या कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हत्या आणि कुणी अडवतही नव्हतं. आता तिथं तारेची कुंपणं आहेत, लोखंडी फाटकं आहेत, परवानगीशिवाय प्रवेश नाही अशा पाट्या आहेत. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन बाई कुंपणाला वळसा घालून जाते तेव्हा मला आजही संताप येतो. अशा गावात आपल्याही घराला 'तू आत ये, तू बाहेर थांब' म्हणणारं दार लावायचं, हे मनाला पटत नव्हतं.

दुसरं कारण घरातल्या वळणाचं. आमच्या जुन्या घरात मागचं दार दिवसभर उघडं असे. भाताच्या कणगीला उंदीर लागू नयेत म्हणून मांजर हवंच, पण ते कुणाचं हे कुणी विचारत नसे. इथं घर बांधलं तेव्हा सुताराला सांगून मागच्या दाराच्या खालच्या फळीत चौकोनी भोक पाडून घेतलं. मांजरानं यावं-जावं, आपण मधे पडू नये, एवढाच त्यामागचा विचार. त्या भोकातून मांजरांबरोबर घुशी आल्या, एका पावसाळ्यात धामण आली, एके रात्री उदमांजर येऊन केळ्यांचा घड फस्त करून गेलं. तरी भोक बुजवावंसं वाटलं नाही. रानाच्या कडेला राहायचं तर एवढं चालायचंच.

आणि तिसरं कारण मांजराच्या अंगाचं. हे दार चालायचं तर मांजराच्या कातडीखाली चिप घालावी लागते. आपल्या सोयीसाठी मुक्या जिवाच्या अंगात काही टोचून ठेवायचं, हे मला गैर वाटे.

मग आमची म्हातारी मांजरी आजारी पडली. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी वेगळं खाणं लावून दिलं, फॉस्फरस कमी असलेलं. मूत्रपिंडाच्या दुखण्यातलं मांजर एका बैठकीला पोटभर खात नाही. दिवसभरात थोडं थोडं चाटतं, निघून जातं, परत येतं. म्हणजे वाटी भरलेली आणि हाताशी असायला हवी. पण वाटी भरली की भोकातून भुरा बोका यायचा. अंगानं दांडगा, कान फाटलेला, सगळ्या आळीत दरारा असलेला. तो वाटी साफ करायचा आणि जाताना दाराच्या चौकटीवर फवारा मारून जायचा. मांजरी फ्रिजच्या मागे दबून बसायची. पुढं पुढं तो नसतानाही ती वाटीपाशी येईना.

तिच्या पाठीवरून हात फिरवताना मणका न् मणका हाताला लागायचा. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की मी ज्याला मोकळं दार म्हणत होते ते सगळ्यांना सारखं मोकळं नव्हतंच. जो दांडगा त्याला ते मोकळं होतं. जी त्या घरात जन्मभर राहिली तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात जागा उरली नव्हती. भाचीला मी स्वतःहून फोन केला.

चिपबद्दलचा माझा आक्षेप ती प्रत्यक्ष पाहिल्यावर पुष्कळसा विरघळला. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, साधारण बारा मिलिमीटर लांब. डॉक्टर ती जाडसर सुईनं दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. मांजरी एकदा अंग चोरून बसली आणि झालं. त्या नळीत बॅटरी नाही. ती कुठं आहे हे कुणाला कळवत नाही, काही प्रक्षेपित करत नाही. तिच्यात फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो. दाराच्या छोट्या बोगद्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. मांजरानं डोकं आत घातलं की वेटोळं १३४.२ किलोहर्ट्झचा लहरींचा झोत सोडतं, त्या झोतावरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. क्रमांक ओळखीचा निघाला तर खुट् करून खिट्टी मागे सरते, मांजर डोक्यानं झडप ढकलून आत येतं. नसेल तर खिट्टी हलत नाही. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ निक हिल यांनी शेजारपाजारची मांजरं घरात घुसतात म्हणून हे काम हाती घेतलं आणि २००८ साली असं दार बाजारात आणलं. मी जगावेगळं समजत होते ते दुखणं तिकडे घरोघरचं होतं.

पण माझं मत खऱ्या अर्थानं फिरवलं ते आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनी. त्या ठाकूरवाडीतल्या. त्यांच्याकडे शेरडं आहेत, कोंबड्या आहेत. दार बसवताना त्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्हाला हे शहरी लोकांचं खूळ वाटत असेल." त्या म्हणाल्या, "खूळ कशाचं? आमी रोज सांजंला कोंबड्या डालतो का नाय? शेरडं आत घेतो, मोजतो. कोणाची परकी आली तर हाकलून लावतो. मांजरालाच कोणी घेत नाय आत."

मी त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या वाडीत गेले. दिवस मावळायला आला तशा कोंबड्या अंगणात गोळा झाल्या. मावशींच्या सुनेनं एकेक उचलून डालग्याखाली सरकवली, वर दगड ठेवला. शेरडं आली तशी मावशी कुडाच्या दाराशी उभ्या राहिल्या. प्रत्येक शेळीच्या पाठीवर हात टाकत त्या तिला आत ढकलत होत्या. अंधार पडलेला, दिवा लावलेला नाही, तरी एक शेळी आपली नाही हे त्यांना हाताखाली कळलं आणि त्यांनी ती बाहेर वळवली. माझ्या मागच्या दाराचं यंत्र नेमकं हेच करतं. मी ज्याला कुंपणवाल्यांची वृत्ती समजत होते, ती वाडीतली रोजची सांजेची रीत होती.

आणि ती रीत किती शहाणपणाची आहे याचा आकडा आपल्याच महाराष्ट्रात मिळतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं. वजनाच्या हिशेबानं त्याच्या भक्ष्यात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के. कारण उघड आहे. शेळीमागे दिवसा राखणदार असतो आणि रात्री ती कोंडलेली असते. कुत्रं मात्र मोकाट असतं. भीमाशंकर अभयारण्याचं रान आमच्या तालुक्याच्या पूर्वेला येऊन टेकतं, मावळतीला माथेरानचा डोंगर आहे. बिबट्या इथं पाहुणा नव्हे. ज्याचं दूध, अंडं किंवा मटण विकलं जातं त्याला आपण रात्री आत घेतो, आणि ज्याच्यावर नुसती माया करतो त्याला बाहेर ठेवतो, त्याला वर मोकळीक म्हणतो. हे एकदा ध्यानात आल्यावर मला स्वस्थ बसवेना.

माझ्याकडच्या दारात रात्रीची वेळ लावता येते. दिवेलागणीनंतर मांजर आत येऊ शकतं, पण सकाळपर्यंत बाहेर जाऊ शकत नाही. यात मांजराच्या जिवाइतकाच रानाचाही विचार आहे. माथेरानभोवतीचा प्रदेश, त्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांचाही भाग आला, २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. आपण कागदावर रान राखायचं आणि रात्री आपलीच मांजरं बेडूक, पाली, घरट्यातली पिल्लं मारायला सोडायची, हे जुळत नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात वाघाटीसारखी इवलीशी रानमांजरं आहेत. घरातल्या मांजरांचे रोग तिथवर पोचू नयेत असंही मला मनापासून वाटतं.

दार बसवलं आणि सगळं सुरळीत झालं असं मात्र झालं नाही. आमच्या पावसाला ते यंत्र तोंड देईल की नाही याचीच धास्ती होती. वरून पत्र्याची पडवी काढली म्हणून पाणी लागलं नाही, पण दमटपणानं सेलच्या टोकांना हिरवट बुरशी धरली. बोगद्याच्या सांध्यात मुंग्यांनी अंडी आणून ठेवली आणि खिट्टी अडकली. आता सेलची टोकं पुसून घेणं हे पावसाळ्यातलं नेहमीचं काम झालं आहे. एक बरं, की ते पेन्सिल सेलवर चालतं, त्यामुळे वादळवाऱ्यात वीज गेली तरी दार चालू राहतं. इथं राहणाऱ्याला त्याचं मोल सांगायला नको.

मांजरीला शिकवणं हेही धीराचं काम. खुट् आवाजाला ती दचकायची. आधी झडप दोरीनं वर बांधून ठेवली, पलीकडे सुकटीचा तुकडा ठेवला. मग झडप अर्धी खाली, मग पूर्ण. ज्या सकाळी ती न थबकता, डोक्यानं झडप ढकलून आत आली आणि सरळ वाटीपाशी जाऊन बसली, त्या सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून रडले. तिचं दुखणं बरं होणारं नव्हतंच. पण उरलेलं आयुष्य ती निवांत, आपल्या वाटीतलं खात जगली. आता ते दार तिच्या मागून आलेल्या दोघी वापरतात.

भुऱ्या बोक्याचं काय, हा प्रश्न मला कुणी विचारला नसता तरी मीच स्वतःला विचारला असता. त्याला पिंजऱ्यात धरून खच्ची करून आणला, रेबीजची लस दिली. त्याचं ताट पुढच्या पडवीत असतं, रोज, ठरल्या वेळी. त्याचा जोर ओसरला, मारामाऱ्या थांबल्या. त्याला घर नाकारलं ही बोच मला आहे. पण त्याला उपाशी ठेवलेलं नाही, आणि भोकाच्या काळात त्याच्यासाठी मी याहून अधिक काहीच करत नव्हते.

चिपकडेही मी आता निराळ्या नजरेनं पाहते. मावशींच्या शेळ्यांच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी क्रमांक. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. त्याच महिन्यात, १० जूनपासून, इंग्लंडात पाळीव मांजराला चिप सक्तीची झाली. कुत्र्यांना ती २०१६ पासूनच आहे. आमच्या पट्ट्यात कुत्र्या-मांजरांची अशी नोंद नाही, आणि त्याची झळ मी डोळ्यांनी पाहते. फार्महाऊसवर राखणीला म्हणून पिल्लू आणतात. प्लॉट विकला, रखवालदार बदलला, की ते कुत्रं रस्त्यावर. गळ्यातला पट्टा कुजून पडतो. तेव्हा ते कुणाचं हे सांगायला कुणी पुढं येत नाही. चिप असती तर मालकाच्या दारात जाऊन विचारता आलं असतं. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चिप वाचायचं हातातलं यंत्र हवं, आणि राखणीचं कुत्रं आणणाऱ्यानं पहिल्या लसीबरोबर चिप घालून नावावर नोंदवावं, असं माझं म्हणणं आहे. ग्रामसभेत मी ते मांडलं आहे. पुन्हा मांडणार आहे.

कुंपणांबद्दलचं माझं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. नदीकडे जाणारी वाट अडवायचा हक्क कुणालाच नाही. बोक्याला अडवणारं दार लावलं म्हणून मी त्या फाटकांच्या बाजूची झाले, असं आमच्या आळीत कुणी म्हणालं, तेव्हा मी त्यांना मावशींच्या कुडाच्या दाराशी, सांजेला, शेरडं आत घ्यायच्या वेळी घेऊन गेले.