भाड्याचे घर

आमची इमारत पुनर्विकासाला गेली ती २०२३ च्या मे महिन्यात. बिल्डर तीन वर्षांचे भाडे देणार होता. घर मात्र आमचे आम्हीच शोधायचे होते. तीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झालेली, हे अभियांत्रिकी महाविद्यालयातून. दोघांना पेन्शन, मुलगा बंगळुरूला. आम्हाला पुण्यात घर मिळायला कसली अडचण, असे मला वाटले होते.

एजंट फोनवर माझे बोलणे ऐकायचा आणि म्हणायचा, "ताई, फ्लॅट रिकामाच आहे, संध्याकाळी या." मग नाव विचारायचा. नाव सांगितले की क्षणभर शांतता. "मालकांना विचारून कळवतो." त्या उन्हाळ्यात अकरा मालकांचे कळवणे राहून गेले. एक जण तर कौतुकाने म्हणाला, "पण तुमचं मराठी किती छान आहे हो!" ज्या भाषेत आयुष्यभर पेपर तपासले, तिच्यातच मी पाहुणी ठरले.

एका रात्री हे वैतागून म्हणाले, "मग मॉरिशसलाच जाऊ!"

बोलणे थट्टेचे होते, पण अगदीच हवेतले नव्हते. पूर्वी एका साहित्य संमेलनात मॉरिशसच्या एका मराठी शिक्षिकेशी माझी ओळख झाली होती. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कराराने गेलेल्या मजुरांत कोकणातली माणसेही होती. त्यांची पतवंडे आजही तिथे शाळेत मराठी शिकतात. मी त्या बाईंना फोन केला आणि आमच्या घरात एक वही सुरू झाली.

वहीत हिशेब होते. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून दहा वर्षांचा रहिवासी परवाना मिळे. अट अशी की महिन्याला किमान दीड हजार डॉलर बाहेरून तिथल्या बँकेत यायला हवेत. तेव्हाच्या दराने सुमारे सव्वा लाख रुपये. दोन पेन्शनी आणि ठेवींचे व्याज मिळून हे गणित कसेबसे बसत होते. समुद्रकाठी भाडी जास्त, म्हणून आम्ही आतली गावे पाहिली. क्युरपीप उंचावर, पावसाचे आणि दमट. यांच्या दम्याला ते चालणारे नव्हते. राहिले कात्र बोर्न. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ, तेव्हा छत काँक्रीटचे हवे, खिडक्यांना झडपा हव्यात आणि पाण्याची टाकी हवी, असे बाईंनी बजावले होते.

जुलैमध्ये पंधरा दिवस जाऊन आलो. आपल्याकडे पावसाळा, तिकडे हिवाळा. संध्याकाळी शाल लागायची. जुम्म्याला हे पोर्ट लुईच्या जामा मशिदीत गेले. तिच्या अंगणात बदामाचे मोठे झाड आहे. त्याच्याकडे पाहत बराच वेळ बसून राहिलो, असे परत आल्यावर म्हणाले.

घर मिळाले ते एका सत्तरीच्या आजींचे. खाली त्या, वर दोन खोल्या, परसात आंबा. भाडे अठरा हजार तिथले रुपये, म्हणजे आपले बत्तीस-तेहतीस हजार. आजींचे मराठी मोडके, मध्येच क्रिओल. त्यांनी विचारले, "तुमी मराठी?"

मी म्हणाले, "हो."

पुढचा प्रश्न येईल म्हणून मी थांबले. आला तोही. "झाडाला पानी घालनार?"

रात्री मला रडू आले. यांनी कारण विचारले नाही.

तो देश म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथल्या राज्यघटनेतही हिंदू, मुस्लिम, चिनी असे रकाने आहेत आणि निवडणुकीत त्यांची मोजदाद होते. शेजारच्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी आमचे नाव विचारून घेतले होते. पण नाव विचारल्यावर चहाही दिला होता.

परत आल्यावर कागद जमवायला घेतले. तेवढ्यात रत्नागिरीहून माझ्या आईचा फोन आला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची. मी सगळे सांगितले. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "जा. पण मी गेले तर मातीला पोचशील का?" मॉरिशस ते मुंबई विमानाने सहा-सात तास, पुढे रत्नागिरीचा रस्ता. दफनाला इतके कोण थांबेल? वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.

दिवाळीनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या आईचा रिकामा फ्लॅट आम्हाला दिला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुरकुर केली. ती मुलगी त्यांच्याशी भांडली. आम्ही आता तिथेच राहतो. कागदांची फाइल कपाटात आहे. जायचे झाले तर हौसेने जाऊ, कुणी दार लावले म्हणून नको, असे मी म्हणते. हे काही बोलत नाहीत. त्यांचे मन त्या अंगणातच राहिले आहे, हे मला कळते.

जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळ आले. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून जाताना आम्ही टीव्हीवर पाहिल्या. मी घाबरून आजींना फोन लावला. दोन दिवसांनी तो लागला. आंब्याची मोठी फांदी मोडली होती, बाकी सगळे ठीक होते. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "तुमची खोली सुकी हाय."

यांना मी ते सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, "काय म्हणाल्या? आमची?"